भाषणातलं पाणी

या वर्षी पाट बंद झाला आणि मला बरं वाटलं. आमच्या बारामतीत कालव्याला पाट म्हणतात. ऐन उन्हाळ्यात तो मधूनमधून बंद होतो आणि भरून वाहणारं पाणी बघता बघता उतरत जातं. मग तळाचा काळा चिखल उघडा पडतो, शेवाळ वाळून पापडासारखं उचकटतं, डबक्यांत अडकलेले मासे पकडायला माणसं टोपल्या घेऊन उतरतात. आमच्या जुन्या घाटाचे दगडही वर येतात. तिथे आता कुणी धुवत नाही, पण कपडे आपटून आपटून त्या दगडांच्या पाठी इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की ऊन त्यांच्यावरून घसरतं. दरवर्षी हे दृश्य दिसलं की मी मान फिरवून दुसऱ्या रस्त्याने घरी जायचो. या वर्षी मात्र काठावर टॉवेल अंथरून बसलो, भाजलेल्या शेंगा फोडल्या, टरफलं खाली टाकत राहिलो. सून फोनवर ओरडली, "आबा, उन्हात कुठं बसलाय?" मी म्हणालो, "पाट बघतोय." ती म्हणाली, "त्यात पाणी न्हाय काय न्हाय, बघायचं काय?" मला हसू आलं. तेच तर बघत होतो.

लगीनसराई आली की आमच्या मुलाच्या लाँड्रीत उभं राहायला जागा राहत नाही. फेट्यांचे ढीग, शेरवान्या, मंडपातल्या खुर्च्यांची झालर, मंगल कार्यालयाच्या गाद्यांच्या खोळी. मशीन गरगरतं, वाफेची इस्त्री फुसफुसते, आणि कपड्यांना फुलांचा वास येतो. तो वास बाटलीतून येतो हे मला माहीत आहे, तरी नाक फसतं. आमच्या काळी लगीनसराईचा वास वेगळा होता. भट्टीत रात्रभर वाफेवर ठेवलेल्या कपड्यांचा सोड्याचा उग्र वास, त्यावर तांदळाच्या खळीचा आंबूस वास, निळीचा थंड वास, आणि इस्त्रीतल्या लोणारी कोळशाचा. या सगळ्यांच्या मागे बिब्ब्याचा. प्रत्येक घरच्या कपड्यावर कोपऱ्यात बिब्ब्याची खूण घालायची, एक टिंब, दोन रेघा, फुली. ती खूण कितीही धुतली तरी जायची नाही. आजही कुणाच्या जुन्या धोतरावर तशी खूण दिसली तर मी ते घर ओळखतो.

हातांचं मात्र सांगायला हवं. सोड्याने बोटांच्या बेचक्या फुटायच्या. सकाळी पाण्यात हात घातला की पहिला क्षण असा झोंबायचा की तोंडातून आवाज निघायचाच. लोकांना वाटायचं, परीट कपडा आपटताना "हुश्श" करतो तो जोर लावण्यासाठी. अर्धा जोर, अर्धा तो झोंबरेपणा. माझं काम इस्त्रीचं होतं, बाजारातल्या एका मोठ्या लाँड्रीत. माझे हात भाजायचे, पण फुटायचे नाहीत. म्हणूनच कदाचित बोलायला माझं तोंड मोकळं होतं. धुणाऱ्यांना जेवताना घास तोंडाशी नेणं अवघड व्हायचं; भाकरी मोडली की चटणी बेचकीत जायची.

आमच्या संघटनेची सुरुवात अशी जेवताना झाली. घाटावरच्या बाभळीखाली बसलो असताना एक म्हातारा धुणारा म्हणाला, "आठवड्यातनं येक दिस हात कोरडं ऱ्हायलं, तर कातडी धरंल." एवढंच. त्याला आम्ही "कोरडा वार" म्हणू लागलो. आठवड्यातून एक दिवस कुणी पाण्यात उतरणार नाही, भट्टी पेटणार नाही, इस्त्री तापणार नाही, आणि त्या दिवसाची मजुरी तुटणार नाही. आज ऐकायला किती साधं वाटतं. लाँड्र्यांची मालक मंडळी हसली होती. "कपडं मळायचं येक दिस थांबत्यात का?" असं एक मालक म्हणाला होता.

बारामतीत मी पुढे होतो. इंदापूरकडे भिकातात्या होते. माझ्याहून थोडे मोठे, वरकुट्याचे, उजनी धरणाच्या फुगवट्यावर धुणारे. उंच, काळे, बोलायला कमी. मी सायकलवरून त्यांना भेटायला जायचो तेव्हा ते पाण्यात कमरेएवढे उभे असायचे आणि मी काठावरून भाषण ठोकायचो. माझं संपलं की ते पिळा झटकत विचारायचे, "झालं? आता सांग, घरून भाकरी आनलीस का आमचीच खानार?" पण त्यांनी माणसं जमवली. मी ज्यांना चार वेळा पटवलं ते पाचव्यांदा फिरायचे. तात्यांनी एकदा नुसतं "बसायचं" म्हटलं की माणूस बसायचा.

संप लगीनसराईत करायचा हे ठरलेलं होतं. दिवस ठरवायचं माझ्याकडे होतं. आणि आता ते सांगतो जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

माझा मावसभाऊ पाटकऱ्याच्या हाताखाली होता, पाटाची दारं उघडणं-बंद करणं बघायचा. तो एकदा चहा पिताना म्हणाला, "परवापासनं पाट बंद हाय बरं का. दुरुस्ती काढलीया." मी चहा तसाच ठेवून उठलो आणि संपाचा दिवस जाहीर केला, परवाचाच. कारण मला माझ्या माणसांची खात्री नव्हती. पाणी समोर वाहत असताना, मालक चुचकारत असताना, घरी पीठ संपलेलं असताना घाटावरचे किती जण टिकतील, असा हिशोब मी मनात करायचो आणि दर वेळी घाबरायचो. पाणीच नसेल तर उतरणार कशात? मी त्यांच्यावर विश्वास टाकला नाही, पाटावर टाकला.

संपाच्या पहिल्या सकाळी सगळे घाटावर जमले तर पाणी गुडघ्याच्या खाली, दुपारपर्यंत चिखल. माणसं बघतच राहिली. मी दगडावर चढून ओरडलो, "बघा, पाटसुदिक आपल्या बाजूनं हाय!" केवढा जल्लोष झाला. शकुन झाला म्हणून कुणी नारळ फोडला. मी खोबरं खाल्लं.

मालक काही वेडे नव्हते. त्यांनी आठवडाभराची गाठोडी टेम्पोत भरली आणि इंदापूरला पाठवली, तात्यांच्या पाण्यावर. तिथे पाणी होतं, नजर पोचेल तिथपर्यंत होतं. मजुरी जास्त देऊ म्हणाले. टेम्पो काठावर उभा राहिला, गाठोडी खाली उतरवली, आणि कुणी हात लावला नाही. दोन दिवसांनी तीच गाठोडी तशीच परत आली, काठावरच्या ओलीने आंबलेली. लाँड्रीच्या दारात वऱ्हाडी मंडळी जमू लागली. "आमचं धोतर कुठाय, आमचा शालू कुठाय," म्हणून गोंधळ. एका नवरदेवाचा बाप तर मालकाच्या खुर्चीतच जाऊन बसला, कपडे मिळेपर्यंत उठत नाही म्हणाला. मालकांनी आम्हाला बोलावलं आणि कोरडा वार मंगळवार ठरला.

म्हणजे संप कुणी जिंकला? ज्यांच्यापुढे पाणी होतं त्यांनी. हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

पण विजयाची सभा बारामतीत झाली, आणि त्या सभेत दोन गोष्टी झाल्या. पहिली, टेम्पोच्या ड्रायव्हरने सांगितलेली गोष्ट कुणीतरी उठून विचारली, "तुमच्या भिकानं संपात हात ओलं केलं म्हणं. तारंवर धुनं वाळत व्हतं. खरं का?" ड्रायव्हरने मला आधीच सांगितलं होतं की तारेवर काय होतं: दुपटी, लंगोट आणि एक जुनं लुगडं. वरकुट्यात कुणाच्या तरी घरी बाळंतीण होती. बाळंतिणीचे कपडे आणि मयताच्या घरचे कपडे परटाने थांबवायचे नसतात. ते कामात धरत नाहीत, त्याची मजुरीही मागत नाहीत. ते गावाशी असलेलं आमचं नातं आहे. माझ्या आजीने ते केलं, आईने केलं. सभेतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. मी फक्त "बाळंतिणीचं होतं" एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी म्हणालो, "चौकशी करू."

तात्या त्या सभेला नव्हते. अध्यक्ष कोण याचा विचार चालू होता, आणि त्यांचंच नाव पुढे होतं. "चौकशी करू" म्हटल्यावर ते नाव मागे पडलं. अध्यक्ष मी झालो. चौकशी कधीच झाली नाही.

दुसरी गोष्ट हळूहळू झाली. पहिल्या वर्षी मी भाषणात म्हणालो, "आपण पाटावर बसून राहिलो." पुढच्या वर्षी म्हणालो, "पाटाच्या काठावर बसलो, पण उतरलो नाही." त्यानंतर कधीतरी, लोक मन लावून ऐकत होते, टाळ्यांच्या आधीची ती शांतता होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "समोर पाणी वाहत होतं, पण बारामतीच्या एकाही माणसाने बोट बुडवलं नाही!" मी भाषणात पाटाला पाणी सोडलं. समोर त्या दिवसातले कितीतरी जण बसले होते. चिखल त्यांनीही पाहिला होता. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं, मग दोघांनी मान डोलावली. पुढच्या वर्षी तेच आपापल्या नातवंडांना सांगत होते, "पानी असं खळाळत व्हतं, पर आमी हाललो न्हाय." खोटं बोलणारा मी एकटा होतो तोवर मला झोप लागत नव्हती, सगळेच बोलायला लागले तेव्हा लागू लागली. हेही लिहून ठेवतो.

आणि इंदापूरकरांना नाव पडलं, "ओले हात". थट्टेत, लग्नाच्या पंगतीत, सोयरिकीच्या बोलण्यात. "इंदापूरची माणसं, हात ओले ना ओ त्यांचे," असं म्हणून हसायचं. ते हसणं दोन पिढ्या टिकलं.

यंदाच्या चैत्रात सुरेखा घरी आली. ती पणदऱ्याची, दवाखान्याच्या लाँड्रीत काम करते आणि आता संघटनेची सेक्रेटरी आहे. येताना नेहमी काहीतरी खायला आणते आणि स्वतःच खाऊन जाते. त्या दिवशी तिने पिशवीच उघडली नाही.

"आबा, इंदापूरची माणसं वेगळं निघायचं म्हणत्यात," ती म्हणाली.

"का?"

"मागच्या बैठकीत त्यांनी अध्यक्षपद मागितलं. आपल्यातला एक पोरगा उठला न् म्हणाला, वल्या हातांनी आमाला शिकवू नका. झालं. निम्मी उठून गेली." तिने पदराने कपाळ पुसलं. "दवाखान्यांच्या धुण्याचा नवा ठेकेदार आलाय, त्यानं मशीनवाल्यांचा कोरडा वार बंद केलाय. दोनी तालुकं एकत्र ऱ्हायलं तर वाकंल तो. न्हायतर न्हाय. तुमी येऊन सांगा त्यांना, ती संपाची गोष्ट. तुमचं ऐकत्यात."

माझी गोष्टच माणसं तोडत होती, आणि ती मला तीच गोष्ट घेऊन जोडायला बोलावत होती. मी म्हणालो, "सुरेखा, आधी मला वरकुट्याला ने."

वाटेत अंथुर्ण्याजवळ उसाच्या रानातून जाताना तिला सगळं सांगितलं. तिने गाडी हळू केली, पण थांबवली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी शाळेत भाषणात सांगितलेलं सगळं…"

"व्हय."

"पयला नंबर आला व्हता ओ माझा."

भिकातात्या ओसरीवर खाटेवर बसले होते. उंच माणूस म्हातारपणी कसा घडी घातल्यासारखा होतो, तसे. डोळ्यांनी कमी दिसतं, कान मात्र तिखट. पायांचा आवाज ऐकूनच म्हणाले, "गणपत का? भाकरी आनलीस का आमचीच खानार?"

मी खाली बसलो आणि पाटाचं सांगितलं. मावसभाऊ, चहा, जाहीर केलेला दिवस, भाषणातलं पाणी. इतकी वर्षं हे सांगायची मी मनात तालीम केली होती. त्या तालमीत तात्या कधी रागावायचे, कधी रडायचे. प्रत्यक्षात ते हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले.

"आरं येड्या, पाट बंद हुता हे मला म्हाईत न्हाय व्हय? पाटाच्या शेवटाला आमचा तालुका. पानी थांबलं की पयलं आमच्याच रानाला कळतं. तुज्या संपाच्या दिवशी आमची मानसं मला म्हनाली, बारामतीकर चिखलात संप करत्यात."

"मग बोलला का नाही?"

"कवा बोलायचं? संप चालू असताना बोललो आस्तो तर मोडला आस्ता. जिकल्यावर बोलून काय, मंगळवार परत देनार हुतो व्हय आपुन?" त्यांनी हात झटकला. "पाटाचं सोड. ते हुशारीचं काम हुतं. मीबी तसंच केलं आस्तं."

माझ्या छातीवरून काहीतरी उतरू लागलं होतं. मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "बस. उठू नगंस."

त्यांचा आवाज बदलला होता.

"त्या बाळंतिनीचं तुला म्हाईत हुतं. ड्रायव्हर मलाबी भेटला हुता. तुला सांगितलं म्हनाला. तू परटाच्या पोटचा. तुज्या आईनं पंचक्रोशीतल्या बाळंतिनींची धुनी धुतली. आन् तू सभंत म्हनालास, चौकशी करू. माज्या लेकीची सोयरीक मोडली त्यावरनं. वल्या हाताचा बाप म्हनून. तू पाटाचं वझं घिऊन आलास रं, पन ते तुजं हुतं. माजं हे हाय."

मला तालमीत हे कधी सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं मी चुकीच्या दगडाखाली हात धरून बसलो होतो आणि ओरडत होतो. खरा दगड त्यांच्या अंगणात पडला होता, आणि त्याचा उल्लेखही मी अजून केला नव्हता. मी म्हणालो, "चुकलं, तात्या."

"हितं नगं म्हनूस," ते म्हणाले. "हितं मी आन् ही पोरगी. सभंत बोललास, तसं सभंतच बोल. आन् मी म्होरं बसल्याबिगर बोलू नगंस."

सभा इंदापुरातच घेतली, मुहूर्त नसलेल्या दिवशी, एका मंगल कार्यालयात. दोन्ही तालुके आले होते, पण मधली वाट सोडून दोन बाजूंना बसले होते, वर-वधूकडच्या मंडळींसारखे. तात्यांना पुढे खुर्ची दिली. मला हार घालायला कुणी पुढे आलं तर मी थांबवलं. म्हटलं, आधी ऐका, मग वाटलं तर घाला.

बोलायला फार वेळ लागला नाही. बाळंतिणीचं आधी सांगितलं, पाटाचं नंतर. खोटं वाढवायला मला कितीतरी वर्षं लागली होती, आणि खरं इतकं लहान निघालं. बारामतीच्या बाजूला चुळबुळ झाली. माझ्या वयाचा एक धुणारा, संपात माझ्याबरोबर असलेला, उठून म्हणाला, "आबा, तसं थोडं पानी हुतं की पाटाला."

"कुठं हुतं?"

"म्हंजी… डबकी हुती."

इंदापूरच्या बाजूने आधी एक बाई हसली, मग सगळी बाजू हसली, आणि बघता बघता आमचीही. तो म्हातारा खाली बसता बसता स्वतःच हसू लागला. "ओले हात" म्हणणारा तो पोरगा तिथेच होता. तो उठून तात्यांच्या पायाशी वाकला तेव्हा तात्या म्हणाले, "पाय सोड. आमच्या तालुक्याला अध्यक्ष करतुस का बोल."

हार मला कुणी घातला नाही. तो टेबलावर तसाच राहिला, आणि त्याकडे बघताना मला जे वाटलं त्याला सुटका याहून जवळचा शब्द मला सापडत नाही. अंगावरचा ओला कपडा काढून कुणीतरी कोरडा द्यावा तसं.

मग सुरेखा तात्यांना म्हणाली, "तात्या, तुमी कधीच सांगितलं न्हाय ओ. तुमच्याकडं संप कसा झाला?"

तात्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

"आमी पयल्या दिशी पान्याकडं तोंड करून बसलो," ते म्हणाले. "चुकलं ते. समोर पानी आसलं की हात आपसूक हालत्यात. बाया तर बसल्या जागी पिळायला लागल्या, पदर पिळत बसल्या. दुसऱ्या दिशी म्हनलं, फिरून बसा. मंग पान्याचा आवाज यायला लागला. मंग गानी म्हनली. गानी सपली, तवा टेम्पो आला. गाठुडी आमच्या म्होरं टाकली. वरच्याच गाठुड्यातनं नवरीचा शालू बाहेर आल्याला, हळदीचा डाग पडल्याला. माजी कारभारीन म्हनाली, ह्यो डाग आत्ता न्हाय काढला तर कवाच निघायचा न्हाय. आन् तिनं दोनी हात मांडीखाली घालून ठेवलं…"

वाढपी भाताची पातेली घेऊन दारात उभे होते, शिऱ्याचा वास येत होता, पण कुणी उठेना. मधल्या वाटेवरही माणसं सरकून बसली होती, दोन्ही बाजूंची, नीट ऐकू यावं म्हणून. मी इतक्या वेळा सांगितलेली ती गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो. मला पुढचं माहीत नव्हतं.

"मंग काय झालं, तात्या?" मी विचारलं.